नातवंडांचा अवघड खेळ : एक पारख

मे महिन्याच्या सुट्टीत दर रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात पाच मुले जमत असत. नातू अकरावीत, नात आठवीत आणि त्यांचे तीन मित्र. मेजावर कागद, पेन्सिली, खोडरबर आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे मांडलेले असत. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची हाक आली की फासे डब्यात जात आणि उरलेली गोष्ट पुढच्या रविवारवर पडे. मोबाईल बाजूला ठेवून मुले तीन-तीन तास एकमेकांशी बोलतात, याचेच मला कौतुक वाटत असे. खेळ कोणता, याची चौकशी मी केली नव्हती.

एके रविवारी पाणी द्यायला गेलेल्या त्यांच्या आजीच्या कानावर नातवाचे वाक्य पडले, “पुढच्या वेळचं साहस फार कठीण आहे. त्यात बहुतेक सगळे मरतात.” ती तशीच माझ्याकडे आली. “खोटे का असेना, मारणे-मरणे याचाच खेळ मांडायचा आणि तोही आपल्या घरात?” असा तिचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही नातवंडांना समोर बसवून यशोधर राजाची कथा सांगितली. त्यामुळे प्रश्न सुटला नाही, उलट घरात दोन पक्ष पडले. अखेरीस मुलगा मला म्हणाला, “बाबा, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. हाही एक तपासा. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर पोरे ऐकतील.”

मी ते पुस्तक मागून घेतले आणि चार रात्री वाचले. त्या वाचनातून निघालेले निष्कर्ष, आणि त्या पारखीत माझ्या हातून झालेली एक चूक, येथे नमूद करीत आहे. पुष्कळ घरांत आता हा खेळ येऊ लागला आहे. आजी-आजोबांना आणि आई-वडिलांना या लेखाचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे. पुढील मजकुरात त्या साहसातील काही गुपिते उघड करावी लागली आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी ते खेळले जायचे असेल, त्यांनी हा अंक मुलांच्या हाती थोडा उशिराच द्यावा.

खेळाचे स्वरूप

या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो रचला आणि १९७४ साली तो प्रथम विक्रीस आला. यात पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी कुलपे उघडण्यात वाकबगार. पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई यांचे आकडे कागदावर लिहिलेले असतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करून विचारतो, “आता तुम्ही काय करता?” मुले आपला निर्णय सांगतात. ज्या कृतीचे यश अनिश्चित असेल, तिचा निकाल वीस पैलूंच्या फाशावर लागतो. पात्र जगले तर अनुभवाने मोठे होत जाते आणि तेच पात्र महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे सांभाळले जाते.

प्रसंगांची कथा सूत्रधार स्वतः रचू शकतो किंवा छापील साहस विकत घेऊ शकतो. अशा छापील साहसांत सर्वांत दरारा असलेले नाव म्हणजे ‘टूम ऑफ हॉरर्स’, अर्थात भयथडगे. गायगॅक्स यांनीच ते लिहिले. १९७५ साली बाल्टिमोर येथील ‘ओरिजिन्स’ या खेळमेळाव्यात ते स्पर्धेसाठी वापरले गेले आणि १९७८ साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. मुरलेल्या, आपल्या पात्रांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्या खेळाडूंची कसोटी पाहावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे २००४ साली ‘डंजन’ या त्या खेळाच्याच मासिकाने तीस उत्तम साहसांची यादी केली, तीत याला तिसरा क्रमांक मिळाला. २०१७ साली निघालेल्या एका संग्रहात ते नव्या नियमांनुसार पुन्हा छापले गेले. माझ्या नातवाकडे तोच संग्रह होता.

थडग्याची रचना

एका सपाट माथ्याच्या टेकडीखाली अॅसेरेरॅक नावाच्या दुष्ट मांत्रिकाचे थडगे आहे. टेकडीवरच्या काळ्या शिळा वरून पाहिल्यास मानवी कवटीसारख्या दिसतात. उत्तरेच्या ढासळत्या कड्यात तीन वाटा दडलेल्या असून त्यांपैकी दोन खोट्या आहेत. एकीचे छत कोसळते, दुसरीत शिळा सरकून वाट बंद होते. खरी वाट सापडली तर एक लांब दालन लागते. त्याच्या भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या आहेत आणि जमिनीवर तांबड्या फरशांची नागमोडी वाट आहे. जागोजागी झाकलेले खड्डे आहेत आणि खड्ड्यांत विषारी खिळे.

दालनाच्या शेवटी भिंतीवर एक मोठे हिरवे दैत्यमुख आहे. त्याचा जबडा उघडा असून आत मिट्ट काळोख आहे. माणूस सहज आत शिरेल एवढा तो मोठा आहे. पाहणाऱ्यास ती पुढची वाटच वाटते. प्रत्यक्षात त्या काळोखात जे जाते, ते समूळ नष्ट होते. तेथे फासा नाही, बचाव नाही, पुनरागमन नाही.

एवढ्या एका उदाहरणावरून साहसाची जात ध्यानात यावी. यात राक्षसांशी लढाया फारच थोड्या आहेत. तलवारीचे काम कमी आणि डोळ्यांचे जास्त. मूळ पुस्तिकेसोबत चित्रांची स्वतंत्र पुस्तिका होती. सूत्रधाराने चित्र दाखवायचे आणि मुलांनी त्यातून काय ते ताडायचे. एका सिंहासनाच्या दालनात मुकुट आणि राजदंड ठेवलेले आहेत. मुकुट डोक्यावर असताना दंडाचे चुकीचे टोक त्याला लावले, तर धारण करणारा तत्काळ भस्म होतो. पुढे एक खोटी समाधीही आहे. तेथील शत्रू पडला की सारे थडगे कोसळत असल्याचा देखावा होतो, खेळाडू पळत बाहेर येतात आणि आपण जिंकलो असे समजतात. खरी समाधी आतच राहते.

तीन कसोट्या

बँकेत प्रस्ताव तपासताना मी तीन गोष्टी आधी पाहत असे. पैसा कशासाठी हवा आहे, व्यवहार सचोटीचा आहे काय, आणि तोटा झाला तर मागणाऱ्यास तो सोसवेल काय? या साहसालाही मी हेच तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न हेतूचा. येथे साहस उत्तीर्ण होते. ते आपण कठीण असल्याचे लपवीत नाही. बळापेक्षा विचाराला अधिक किंमत देणे हा त्याचा उघड उद्देश आहे. आपल्याकडील ज्ञानबाजीच्या पटाशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. जैन परंपरेतील त्या पटांत बहुधा ८४ घरे असतात; शिड्या सद्गुणांच्या, साप दोषांचे आणि शेवटी मुक्तीचे स्थान. सापशिडीचे हे जुने रूप. तेथे खेळणाऱ्याचा निर्णय कोठेच नसतो. दान पडेल तसे चढायचे किंवा उतरायचे. कर्मफळाची अटळता शिकवायला ते योग्यच आहे. या थडग्यात मात्र दानाला फारसे महत्त्व नाही. पाऊल टाकण्यापूर्वी पाहिले काय, हाच प्रश्न पदोपदी विचारला जातो.

दुसरा प्रश्न सचोटीचा. खेळ अवघड असणे वेगळे आणि अन्यायी असणे वेगळे. ज्या अपघाताची सूचना आधी मिळू शकत होती, तो अपघात खेळाडूच्या पदरात टाकता येतो. सूचनाच नसेल, तर ती कसोटी नसून नुसती लॉटरी होय. या निकषावर साहस मिश्र ठरते. दैत्यमुखाची सूचना आहे आणि तीही उत्तम ठिकाणी. तांबड्या फरशांच्या वाटेवर सावकाश चालत जमीन निरखली, तर थडग्याच्या मालकाने कोरलेला संदेश वाचता येतो आणि हिरव्यापासून शक्यतो दूर राहावे, असा इशारा त्यात आहे. भिंतीवरची सुंदर चित्रे पाहत जाणाऱ्यास तो दिसत नाही. खाली पाहून चालणाऱ्यास दिसतो. हे वाचताना मला आपल्या ईर्यासमितीची आठवण झाली. पुढची चार हात जमीन पाहून चालावे, हा साधूंसाठी सांगितलेला नियम एका परदेशी खेळात या रूपाने भेटेल, अशी कल्पना नव्हती. परंतु सर्वच सापळे असे नाहीत. काही ठिकाणी अनेक दारांपैकी एक निवडायचे असते आणि निवडीला आधार फारच तुटपुंजा असतो. तेथे सावध खेळाडू आणि बेसावध खेळाडू यांचे भवितव्य सारखेच होते. हा दोष मी माझ्या टिपणात स्पष्ट लिहिला.

तिसरा प्रश्न तोटा सोसण्याच्या शक्तीचा. येथे माझी चूक झाली. कागदोपत्री पात्रे काल्पनिक आहेत, पैशाचा व्यवहार नाही, मग तोटा कसला, असे मी धरून चाललो. तो रकाना मी जवळजवळ कोराच ठेवला आणि नातवाला संमती दिली.

त्या रविवारी काय घडले

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो. नातू सूत्रधार होता. मुलांनी खोट्या वाटा ओळखल्या, खरी शोधली, काठीने जमीन ठोकत एक खड्डाही चुकवला. मला अभिमान वाटला. मग भिंतीवरच्या चित्रांचे वर्णन सुरू झाले आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. फरशांच्या वाटेचा उल्लेख नातवाने नियमाप्रमाणे दोनदा केला. कोणी तिकडे पाहिले नाही. हिरवे मुख आले. चर्चा झाली. नात म्हणाली, “मी आधी जाते. माझी सगळ्यांत चपळ आहे.”

पलीकडे काय आहे, ते त्या खोलीत नातवाला आणि मला दोघांनाच ठाऊक होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी काही बोललो नाही. त्याने तिला विचारले, “नक्की?” ती “हो” म्हणाली. त्याने खालच्या आवाजात निकाल सांगितला.

ती रडली नाही. तिने वहीतले एक पान बाहेर काढून मेजावर ठेवले आणि ती आत गेली. नंतर मी ते पान पाहिले. दोन वर्षे सांभाळलेल्या त्या पात्राचे चित्र तिने तीन वेळा खोडून पुन्हा काढले होते. त्याचा जन्म कोठे झाला, त्याला कशाची भीती वाटते, कोणत्या मोहिमेत कोणाला वाचवले, हे सारे बारीक अक्षरात लिहिले होते. मी ज्याला काहीच तारण नाही असे समजलो होतो, ते हे होते.

संध्याकाळी जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

“आजोबा, तुम्हाला माहीत होतं ना?”

“होय, बाळ.”

“मग तेव्हा गप्प बसलात ते बरोबरच केलंत. सांगितलं असतं तर खेळ कसला? पण आधी सांगायला हवं होतं, की या थडग्यात जुनं माणूस न्यायचं नसतं. मी नवीन केलं असतं.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. कर्जदाराला अटी आधी समजावून सांगाव्यात, हे मी कनिष्ठ अधिकाऱ्यांना अनेक वर्षे सांगत आलो होतो. मी तिची क्षमा मागितली. “ठीक आहे” असे ती म्हणाली. परंतु वही उघडायला तिला पुढचे चार दिवस लागले.

पिठाचा कोंबडा

पुढच्या रविवारी ती नवे पात्र घेऊन बसली. या वेळी जमीन पाहिली गेली, संदेश सापडला. तेव्हा एका मित्राने युक्ती सुचवली. या खेळाच्या इतिहासात रॉब कुंट्झ या खेळाडूची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच्या रोबिलार नामक पात्राने या थडग्यात आपले चाकर पुढे धाडले. सापळ्यांत ते मेले आणि मालक सुखरूप खजिन्यापर्यंत पोचला. “आपणही भाड्याने दहा जण घेऊ. ते पुढे जातील, आपण मागे,” असे त्या मुलाचे म्हणणे होते. नियमांत त्याला आडकाठी नव्हती.

नात म्हणाली, “ते पिठाचे कोंबडेच झाले की.”

मित्रांना कळेना. तेव्हा तिने आजीने सांगितलेली कथा सांगितली. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या दहाव्या शतकातील ग्रंथामुळे आणि इतर अनेक कवींमुळे ती आपल्या समाजात परिचित आहे. यशोधर राजाला आईने बळी देण्याचा आग्रह केला. त्याने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला. परंतु आईच्या समाधानासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. त्या एका संकल्पामुळे माय-लेकरांना अनेक जन्म पशु-पक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. कोंबडा खोटा होता, पण मारण्याचा भाव खरा होता.

आजीने ही कथा खेळ बंद व्हावा म्हणून सांगितली होती. नातीने ती खेळाच्या आत नेली. तिचे म्हणणे असे, की सापळ्यात आपण स्वतः पाऊल टाकतो तेव्हा धोका आपण पत्करतो. दुसऱ्याला मरण्यासाठी पुढे पाठवतो तेव्हा आपण ठरवून मारतो, मग तो कागदावरचा का असेना. अर्धा तास वाद झाला. “हा नुसता खेळ आहे,” असे एक जण म्हणाला. “मग नुसत्या खेळात तरी नीट का वागू नये?” असे दुसऱ्याने विचारले. शेवटी चाकर घ्यायचे नाहीत असे चौघांनी ठरवले. त्यामुळे पुढे आणखी दोन पात्रे गमवावी लागली, आणि तक्रार कोणी केली नाही.

हिंसेच्या प्रश्नावर माझे मत येथे मांडतो. विद्वानांनी ते तपासून पाहावे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला प्रमुख स्थान दिले आहे. त्या दृष्टीने कल्पनेतील कृतीही सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. आजीची शंका निराधार नव्हती. मारण्यात रस घ्यायला शिकवणारे खेळ आणि साहसे पुष्कळ आहेत. त्यांना माझा विरोध राहील. हे साहस मात्र बहुतांशी प्रमादाचे फळ दाखवणारे आहे. याच्या अखेरच्या समाधीत एक विलक्षण योजना आहे. खजिन्याला हात लावताच तेथली धूळ उठून मनुष्याकृती होते आणि धमकावू लागते. तिच्याकडे दुर्लक्ष केले, तर ती आपोआप विरून जाते. तिच्यावर वार केले, तर प्रत्येक वाराने ती बळकट होत जाते. क्रोधाविषयीचे अनेक प्रवचनांतून ऐकलेले तत्त्व मी त्या पानावर पुन्हा वाचले. लेखकाच्या मनात ते होते असा माझा दावा नाही. अमेरिकेत तर १९८०च्या दशकात काही धार्मिक गटांनी या खेळाला सैतानी ठरवून मोठा गहजब केला होता. न वाचता ठरवलेली बंदी आणि न वाचता दिलेली संमती, दोन्ही सारख्याच बेजबाबदार, एवढे मी या अनुभवावरून म्हणेन.

निष्कर्ष आणि अटी

माझा अंतिम अभिप्राय सशर्त मंजुरीचा आहे. पहिली अट, मुले किमान तेरा-चौदा वर्षांची असावीत आणि साध्या साहसांचा अनुभव त्यांना असावा. वर्णने भीतिदायक आहेत. लहानांसाठी हे नव्हे. दुसरी अट, हे साहस प्राणघातक आहे हे खेळाडूंना पहिल्याच दिवशी सांगावे आणि केवळ त्यासाठी तयार केलेली नवी पात्रेच आणावीत. जुनी, जिवाभावाची पात्रे घरी ठेवावीत. तिसरी अट, जेथे सूचना अपुरी आहे, तेथे सूत्रधाराने एखादी खूण आपणहून वाढवावी. नातवाने तसे तीन ठिकाणी केले आणि त्यामुळे कठीणपणा कमी झाला नाही. चौथी अट, ज्याचे पात्र पडले त्याला मेजावरून उठावे लागू नये. नकाशा काढणे, सल्ला देणे असे काम त्याला मिळावे. पाचवी अट वडीलधाऱ्यांसाठी आहे. एकदा तरी सोबत बसावे. मुले हरताना कशी वागतात, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

आमच्या घरी सहावी अट आजीने घातली. सामायिक झाल्याशिवाय फासे निघणार नाहीत, आणि मेजावर कोणीही दुसऱ्याला मरायला पुढे धाडणार नाही. मुलांनी ती मान्य केली. दिवाळीच्या सुट्टीत नवे साहस सुरू व्हायचे आहे आणि त्याचे पुस्तक तपासणीसाठी माझ्याकडे आले आहे. या वेळी तिसरा रकाना मी सर्वांत आधी भरणार आहे आणि तो भरताना नातीला शेजारी बसवणार आहे.